टॉर्कचं खूळ

जुना, हलका टोयोटा पिकअप घ्यायचा, त्याचं पेट्रोल इंजिन उपसून काढायचं आणि तिथे कमिन्सचं फोर-बीटी डिझेल बसवायचं, हे वेड अमेरिकेतल्या गॅरेजांत बरीच वर्षं टिकून आहे. मी इंजिनांतच आयुष्य घालवलंय. कमिन्सबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हा प्रकार मला सहन होत नाही.

फोर-बीटी म्हणजे ३.९ लिटरचं, चार सिलिंडरचं, बिडाचं धूड. कोरडं वजन ३४० किलोच्या आसपास. घरोघर माल पोचवणाऱ्या व्हॅन आणि जनरेटर यांत एका चालीनं राबावं म्हणून ते घडवलेलं. व्हॅनमधल्या नेहमीच्या रूपात त्याची ताकद १०५ हॉर्सपॉवर. तुम्ही भंगारात फेकता ते टोयोटाचं २२-आरई इंजिनही जवळपास तेवढीच ताकद देतं, तेही साधारण निम्म्या वजनात!

दुप्पट होतो तो टॉर्क. तो पेलायला मूळ गिअरबॉक्स बनलेलाच नाही, म्हणून तो बदलायचा. हे डिझेल फार फेऱ्या घेत नाही, जुन्या रेशोवर हायवेला त्याला धाप लागते, म्हणून डिफरन्शियल बदलायचं. बॅलन्स शाफ्ट नसल्यानं हादरे चासीपर्यंत जातात आणि माउंटिंग तुटतात. शेवटी मूळ गाडीची फक्त केबिन उरते, आणि याला लोक ‘स्वस्तातली ताकद’ म्हणतात.

ब्रेकचं मात्र कुणी नाव काढत नाही. पुढच्या ॲक्सलवर कायमचं जादा ओझं, मागे हौदा रिकामा. पुढचे ब्रेक अपुरे पडतात, म्हणून पेडल आणखी जोरात दाबायचं, की हलकी मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते. घाटात, पावसात हे झालं तर समोरून येणाऱ्या कुटुंबाचा काय दोष? वर माल वाहायची क्षमता वाढत नाहीच, उलट घटते. गाडीचं एकूण वजन कंपनीनं ठरवलेलं असतं, इंजिनाचे जादा किलो त्यातूनच वजा होतात.

आणि धूर! कॅलिफोर्नियात बदललेलं इंजिन गाडीच्याच सालचं किंवा नवं हवं, प्रदूषण रोखणाऱ्या सगळ्या उपकरणांसकट. जुन्या मेकॅनिकल पंपाचं फोर-बीटी तिथे बसत नाही. हा नियम जाच नाही, तो इतरांच्या फुप्फुसांसाठी आहे.

कमिन्सची इंजिनं पुण्यात १९६२ पासून बनतात, तेव्हा हे खूळ इथे यायला समुद्र ओलांडावा लागणार नाही. व्हिडिओ पाहून आपल्या पिकअपमध्ये ट्रकचं इंजिन घालायला निघालेल्या पोरांनो, आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जास्त ओझं ओढायचंय? मग त्या ओझ्यासाठी बनवलेली गाडी घ्या.