पाकशाळा : आजेसासूबाईंचा अनारसा

अमडापूरहून एक वाचक भगिनी विचारतात कीं, आजेसासूबाईंच्या हातचा अनारसा त्यांच्या पश्चात् घरांत कोणासच साधत नाहीं, आणि कृति तर कोठेंच लिहिलेली नाहीं. ती आतां शोधावी कशी?

हा प्रश्न एका घराचा नव्हे. बुलढाणा जिल्ह्याचा हा भाग ज्वारी, कापूस आणि तुरीचा. त्यामुळें तांदळाचा अनारसा सणावारींच व्हावयाचा. जांवयास ३३ अनारशांचें वाण द्यावयाचा अधिक मास तर जवळजवळ तीन वर्षांनीं येतो : २०२३ सालीं श्रावण अधिक, त्यानंतर २०२६ सालीं ज्येष्ठ. इतक्या अंतरानें केलेल्या पदार्थावर हात बसणार कसा?

पाकपुस्तकांची उणीव नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधरांनीं १९१० सालींच 'गृहिणी-मित्र' या ग्रंथांत एक हजार पाकक्रिया दिल्या. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० पासून घरोघरीं आहे. पण अनारसा मापाहून हातावर अधिक अवलंबून.

सर्वसाधारण रीति अशी : जुना जाडा तांदूळ तीन दिवस भिजवावा, पाणी रोज बदलावें. चौथे दिवशीं उपसून सावलींत फडक्यावर पसरावा, व हातास दमट लागत असतांनाच कुटून बारीक चाळावा. पिठाच्या वजनाइतका मऊ चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून, पाण्याचा थेंबही न लावतां मळावें. गोळे चार-सहा दिवस डब्यांत मुरूं द्यावे. मग खसखशीवर पुरी थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आंचेवर तळावी. उलटूं नये, झाऱ्यानें वर तूप उडवावें आणि निथळावयास चाळणींत उभी ठेवावी.

अनारसा तुपांत हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर गूळ अधिक झाला असें समजून थोडी पिठी मिसळावी. कडक होऊन जाळी पडली नाहीं, तर पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा कालवावा.

आतां शोधाविषयीं. कृति विचारतांना केवळ 'काय काय घालीत?' असें विचारूं नये. तांदूळ किती दिवस भिजे, पीठ किती ओलें असे, गूळ कच्चा कीं पाक करून, हें विचारावें. तेलुगू अरिसेलु आणि तमिळ अधिरसम् यांत तांदूळ-गूळच असतो, परंतु गुळाचा पाक करितात. एवढ्यानें पदार्थ निराळा होतो. हीं उत्तरें सासूबाई, आत्याबाई, वडील नणंदा, ज्या कोणी लहानपणीं पीठ चाळावयास बसत, त्यांच्याजवळ तुकड्यातुकड्यांनीं सांपडतील. तीं जुळवून पावशेर तांदळाचा घाणा करावा आणि ज्यांनीं तो जुना अनारसा खाल्ला आहे त्यांच्याच हातीं पहिला द्यावा. त्यांची जीभ हाच खरा पुरावा.

आणि ज्यांच्या घरीं अशा आजी आज आहेत त्यांनीं येत्या दिवाळीस त्यांच्याजवळ तराजू व वही घेऊन बसावें. त्यांची मूठ परातींत पडण्यापूर्वीं तोलून घ्यावी. 'अंदाजानें' या शब्दाचें वजन नंतर कोणासच करतां येत नाहीं.