ट्विच म्हणजे भूल नव्हे

कॅडेटने वेदना सोसणे शिस्तीत बसते. हा मार्ग त्याने स्वतः निवडलेला असतो. घोड्याने तो निवडलेला नसतो. तरीही ओठाची जखम शिवताना ‘ट्विच आवळा, उभा राहील’ असे सहज म्हटले जाते. ट्विचमुळे घोडा जागेवर राहतो, पण जखम बधिर होत नाही. डोळ्याखालच्या हाडातील छिद्रातून बाहेर येणाऱ्या मज्जातंतूजवळ पशुवैद्यकाने लिडोकेन टोचले, की काही मिनिटांत वरचा ओठ आणि नाकपुडी बधिर होते. डोळा तपासताना पापणी सैल करणारे इंजेक्शन वेगळे. त्याने डोळ्याची वेदना जात नाही. ओठात संवेदना परतेपर्यंत चाराही देऊ नये.

टाका घालण्याआधी स्वाराने अदबीने विचारावे, ‘सर, भूल दिली का?’ हा शिस्तभंग नव्हे, कर्तव्य आहे.