न आलेल्या अर्जांची साक्ष

नोकरभरतीच्या कामात हयात घालवलेल्या एका गृहस्थांनी अलीकडे असे प्रतिपादन केले आहे की, आस्थापनांनी आपली भरतीची संकेतस्थळे दिव्यांगांना वापरता येतील अशी करावीत, हा आग्रह म्हणजे द्रव्याचा निव्वळ अपव्यय होय. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दिव्यांगांचे अर्ज मुळात येतातच किती, जे येतात ते घरच्यांच्या मदतीने येतातच, ज्याला साधा अर्ज भरता येत नाही तो कचेरीत काम काय करणार, आणि सुगम्यता या परदेशी, नव्या खुळापायी संकेतस्थळाचे सौंदर्य का बिघडवावे? हे विचार एकट्या त्यांचेच असते तर त्यांची उपेक्षा करता आली असती. परंतु कित्येक कचेऱ्यांतून ते मुकाट्याने अमलात आहेत, म्हणून त्यांचा समाचार घेणे प्राप्त आहे.

किरकोळ आक्षेपांची वासलात प्रथम लावू. खूळ नवे नाही: ‘वेब कंटेंट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स’ १९९९ साली प्रसिद्ध झाल्या आणि आपल्या सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ला १ एवढे प्रमाण राखल्याने सौंदर्याची हानी होत नाही, उलट वृद्धांचीही सोय होते. कार्यक्षमतेचा प्रश्न विचारणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, जगभरचे दृष्टिहीन आज जो एनव्हीडीए नावाचा, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर विनामूल्य वापरतात, त्याची निर्मिती एका दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणानेच २००६ साली आरंभिली.

“अर्ज येतातच किती?” हा मात्र त्या गृहस्थांचा आवडता मुद्दा आहे, आणि खरा अनर्थ त्यातच दडलेला आहे. ज्या दफ्तरावरून ते हा निष्कर्ष काढतात, त्या दफ्तरात पोचलेल्या अर्जांचीच नोंद असते. अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांची नसते. ती वाट त्यांनी एकदा चालून पाहावी. जाहिरात पुष्कळदा छापील कागदाचे छायाचित्र काढून पीडीएफ म्हणून चढवलेली असते; त्या चित्रातून स्क्रीन रीडरला एक अक्षरही मिळत नाही. मजकूर टंकलिखित असला, परंतु युनिकोडपूर्व काळातील एखाद्या फाँटमध्ये असला, तर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते आणि कानांवर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गलबला पडतो. कोणाकडून तरी जाहिरात वाचून घेऊन उमेदवार अर्जापर्यंत गेलाच, तर रकान्यांना संगणकास उमगतील अशी नावे दिलेली नसल्यामुळे स्क्रीन रीडर प्रत्येक रकान्यापाशी ‘एडिट’ एवढेच उच्चारतो, आणि आडनाव कोठे व जन्मतारीख कोठे लिहावयाची हे उमेदवाराला तर्काने ठरवावे लागते. जन्मतारीख दिनदर्शिकेवर माउसची टिचकी मारूनच निवडता येत असेल, तर ज्याचा हात स्थिर राहत नाही आणि जो केवळ कीबोर्डवर काम करतो, तो अस्थिव्यंग उमेदवारही तेथेच अडतो. जो सावकाश टंकलेखन करतो, त्याची मुदत पूर्वसूचनेवाचून संपते आणि भरलेले सारे पुसले जाते. कर्णबधिराला काही शंका आली, तर चौकशीचा एकमेव मार्ग म्हणून दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. आणि एवढे सर्व पार करून जो अखेरच्या पानावर पोचतो, त्याच्यापुढे कॅप्चाचे वेडेवाकडे चित्र उभे राहते, ज्याला ध्वनीचा पर्याय ठेवण्याचे कोणास सुचलेलेच नसते.

अशाने अर्ज येत नाही, आणि मग तो आला नाही म्हणून संकेतस्थळ सुधारण्याची गरज नाही असे सांगितले जाते. हा केवळ तर्कदोष असता तर एवढा संताप येण्याचे कारण नव्हते. त्यातून माणसांच्या जागा जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ३४ अन्वये सरकारी आस्थापनांतील किमान चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, योग्य उमेदवार न मिळाल्यास जागा पुढील भरती वर्षात न्यावी. तेव्हाही न मिळाल्यास दिव्यांगांच्याच प्रवर्गांत अदलाबदल करावी. आणि कोणीच दिव्यांग उपलब्ध नसेल तर ती अन्य व्यक्तीस द्यावी. म्हणजे ज्या उमेदवाराला सदोष पानाने परतवून लावले, त्याची अनुपस्थितीच पुढे ‘उमेदवार उपलब्ध नाही’ या शेऱ्याच्या रूपाने बिंदुनामावली या आरक्षणाच्या नोंदवहीत त्याच्या हक्काविरुद्ध साक्ष देते. कायद्याने दिलेली जागा अशा रीतीने, कोणीही उघड अन्याय न करता, हातची जाते.

राहता राहिली घरच्यांची मदत. अर्जात पासवर्ड असतो, ओटीपी असतो, अपंगत्वाचा दाखला असतो, अपेक्षित वेतन असते. हे सारे प्रौढ, सुशिक्षित मनुष्याने भाच्या-पुतण्याच्या हवाली का करावे? त्यात चूक झाली तर अपात्र ठरतो तो उमेदवार, मदतनीस नव्हे. दृष्टिहीनांना बँका चेकबुक नाकारीत, तेव्हाही त्यांच्याच हिताचा असाच आव आणला जात असे. फसवणूक होईल, कोणाला तरी सोबत आणा, असे बजावले जाई. अखेर २००८ साली चेकबुक, एटीएम, लॉकर आदी सोयी त्यांना भेदभावाविना द्याव्यात, असे बँकांना स्पष्टपणे फर्मावावे लागले. सक्तीच्या परावलंबनास दया म्हणण्याची ती जुनी खोड आता भरतीच्या अर्जात शिरली आहे.

आता मंडनाचा भाग. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवणे मूळ अधिनियमाशी विसंगत आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग ठरवला. तेव्हा हा विषय आता कोणाच्या मर्जीचा राहिलेला नाही. उपायही दुर्घट नाहीत: युनिकोडमधील खराखुरा मजकूर, नावे दिलेले रकाने, केवळ कीबोर्डने भरता येणारा अर्ज, मुदत वाढवून घेण्याची सोय, चित्राविना पडताळणी, लेखी चौकशीचा मार्ग. निविदेतच या अटी घातल्या तर खर्च अल्प पडतो. तयार इमारतीत मागाहून जिना फोडून उतार बांधावा, तसा तो नंतर वाढतो.

आणि एक अट माझ्या मते सर्वांत अगत्याची आहे. राखीव जागेपुढे ‘उमेदवार उपलब्ध नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी, भरतीचा अर्ज दृष्टिहीन, कर्णबधिर व अस्थिव्यंग व्यक्तींनी स्वतः भरून तपासला असल्याचा दाखला आस्थापनेने जोडावा. तो जोडला नसेल तर शेरा ग्राह्य धरू नये आणि जागा दुसऱ्यास देऊ नये.