नकाशावरची रेघ आणि शेताचा बांध

शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांना मराठवाड्यातील आणि पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांनी २०२५ साली शिवेवरूनच परत पाठविले. मूळ आखणीप्रमाणे वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत बारा जिल्ह्यांतून जाणारा, सुमारे ८०२ किलोमीटर लांबीचा हा मार्ग. त्याला राज्य मंत्रिमंडळाने त्याच वर्षीच्या जून महिन्यात मान्यता दिली आणि मोजणीची घाई सुरू झाली. हा मार्ग हवा की नको, याची चर्चा या स्तंभात पूर्वी झाली आहे व पुढेही होईल. आज आम्हांला एका निराळ्या प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे. मोजणीदाराची साखळी म्हणा, की आजचे उपग्रहाशी बोलणारे यंत्र म्हणा, ते पाहताच शेतकऱ्याच्या पोटात गोळा का उठतो? ज्या कागदावर त्याच्या शेतातून रेघ ओढली गेली, तो कागद त्याला कोणी कधी नीट दाखविलेलाच नसतो, हे त्याचे पहिले कारण आहे.

भूसंपादनाच्या वादात मोबदल्याच्या दराचा गवगवा फार होतो, आणि तो व्हावा हे योग्यच आहे. परंतु दराच्या बाबतीत कायदा गेल्या काही वर्षांत पुष्कळ पुढे सरकला आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांनाही लागू झाल्या. दिलासा रक्कम आणि व्याज महामार्गाच्या खातेदारांना नाकारणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात २०१९ साली दिला. दर चौरस मीटरला किती, या प्रश्नाला आज निदान काही उत्तर आहे. किती चौरस मीटर, कोणाचे आणि नेमके कोठले, या प्रश्नांची उत्तरे मात्र नकाशा देतो. आणि नकाशा कोण करतो, कोण तपासतो, याविषयी विधिमंडळातही क्वचितच कोणी बोलताना आढळते.

हा नकाशा तयार होतो तरी कसा, हे शहरातील वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. सल्लागार कंपनी उपग्रहाच्या छायाचित्रावर रस्त्याची मध्यरेषा आखते. मोकळ्या मुलखातील राष्ट्रीय महामार्गाला साधारणतः साठ मीटर रुंदीची पट्टी धरतात. समृद्धी महामार्गासाठी ती एकशेवीस मीटर होती. ही पट्टी मग गावनकाशावर बसविली जाते. ती कोणकोणत्या गटांतून जाते हे पाहून गटवार क्षेत्राची यादी होते, यादी राजपत्रात जाते आणि त्यानंतर भूमिअभिलेख खात्याचे भूकरमापक, रस्ते खात्याचा माणूस आणि महसुलाचा माणूस मिळून जागेवर संयुक्त मोजणी करतात. सांगावयास सोपे वाटते. खोच आहे ती गावनकाशात.

आपले गावनकाशे ज्या मोजणीतून जन्मले तिचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात घातला. (हे इंदापूर पुणे जिल्ह्यातले, मुंबई-गोवा मार्गावरचे इंदापूर रायगडातले. नामसाम्याने विद्यार्थी नेहमी फसत, म्हणून सांगितले.) तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, तेहेतीस फूट चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे गणित तेव्हापासून खेड्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या जिभेवर आहे. ती मोजणी काळजीपूर्वक झाली होती, यात शंका नाही. पण ती कशासाठी झाली होती? सारा ठरविण्यासाठी. कोणत्या शेताचा सारा कोणी भरावा, एवढे सरकारला समजले की तिचे काम संपले. अमुक जमिनीचा निर्विवाद मालक अमुक, अशी हमी त्या दप्तराने कधी दिली नाही. सातबाराचा उतारा आजही देत नाही. त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानावयाची असते. साऱ्यासाठी केलेल्या या कागदावर आपण आज कोट्यवधी रुपयांच्या मोबदल्याचे ओझे टाकीत आहोत.

त्या कागदाची सूक्ष्मता किती, हेही पाहू. अनेक जुन्या गावनकाशांचे प्रमाण आठ इंचांना एक मैल असे आहे. म्हणजे नकाशावरचे एक माप जमिनीवर ७,९२० पटींनी मोठे होते. चांगली टोक केलेली पेन्सिल घेऊन अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, तर त्या रेघेची जाडीच शेतात जवळजवळ चार मीटर भरते. शंभर मीटर लांबीच्या बांधावर हा चार मीटरांचा फरक म्हणजे चार गुंठे. दहा एकरांच्या बागायतदाराला तो कदाचित सोसेल. ज्याची सारी जमीन वीस गुंठे आहे, त्याचा पाचवा हिस्सा रेघेच्या जाडीतच लुप्त झाला! शिवाय कागद शतकभर कपाटात राहून आक्रसलेला, घड्यांवर फाटलेला. त्यावर पोटहिस्से बहुधा दाखविलेलेच नसतात. सातबारावर तीन भावांची नावे आणि तीन क्षेत्रे असतात. वहिवाटीने तिघांनी आपापले बांधही घातलेले असतात. नकाशात मात्र एकच गट, अखंड. रस्ता गेला धाकट्याच्या तुकड्यातून, आणि मोबदला वाटला गेला तिघांत. मग सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, आणि रस्ते खाते मोजणीपासून वकिलापर्यंत सर्वांना सांगते की, विलंब खातेदारांच्या आपसांतील वादामुळे झाला.

या दुखण्यावर कायद्याने औषध ठेवले आहे काय? शक्तिपीठ हा राज्याचा मार्ग असल्याने त्याला महाराष्ट्राचा १९५५ चा महामार्ग कायदा लागतो, राष्ट्रीय महामार्गांना केंद्राचा १९५६ चा. कलमांचे आकडे निराळे, सांगाडा पुष्कळसा एक. केंद्रीय कायद्याचेच उदाहरण घेऊ. कलम ३-अ खाली जमीन घेण्याचा मानस जाहीर होतो. त्या अधिसूचनेत जमिनीचे थोडक्यात वर्णन द्यावे आणि तिचे सार दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका देशी भाषेच्या पत्रात, छापावे, एवढेच कायदा सांगतो. त्यानंतर हरकतीला एकवीस दिवस. हरकत कशाबद्दल घ्यावयाची? तर त्या कामासाठी त्या जमिनीचा उपयोग करण्याबद्दल. आणि संयुक्त मोजणी? ती बहुधा या मुदतीनंतर. म्हणजे आपल्या शेतातून रेघ नेमकी कोठून जाणार हे खातेदाराला जागेवर कळते, तेव्हा हरकतीचे दार लागलेले असते! पुढे कलम ३-ड ची घोषणा झाली की जमीन त्या क्षणी, सर्व बोजांपासून मुक्त होऊन, केंद्र सरकारची होते. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर मुंगीएवढ्या टाइपात छापलेला गट क्रमांक आणि त्यापुढचा चौरस मीटरांचा आकडा, एवढ्या भांडवलावर शेतकऱ्याने आपला हक्क राखावा, अशी ही अपेक्षा आहे. आमच्यासारख्या वृत्तपत्रांना त्या जाहिरातीचे पैसे मिळतात, हेही येथे सांगून टाकलेले बरे.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जे सांगितले, ते प्रत्येक प्रांताधिकाऱ्याच्या टेबलावर असावयास हवे. कलकत्त्याजवळ बरानगर येथील एका ताग गिरणीची जमीन हुगळीवरच्या दुसऱ्या विवेकानंद पुलाच्या रस्त्यासाठी घेतली गेली. अधिसूचनेत भूखंडांचे क्रमांक होते. परंतु जेथे भूखंडाचा काही भागच घ्यावयाचा होता तेथे तो कोणता, हे सांगणारा नकाशा नव्हता. कोणता भाग जाणार हे कळल्याशिवाय मालकाने हरकत कशी घ्यावी आणि मोबदला तरी कसा मागावा, असा साधा प्रश्न न्यायालयाने केला व ते वर्णन कायद्याला पुरेसे नाही असे ठरविले. जमीन मात्र परत मिळाली नाही. रस्त्याचे काम झाले होते, म्हणून मोबदल्यासाठी ताब्याची तारीख धरण्याचा आदेश देऊन प्रकरण मिटले. नकाशातली चूक वेळीच धरली नाही तर न्यायालय जिंकूनही जमीन हातची जाते, हे त्या निकालातून कळून येते. सरकारी खात्यांनी त्यातून नेमका उलटा धडा घेतला असावा, असा संशय आम्हांला येतो: आधी रस्ता करून टाकावा, चूक पुढे पाहता येईल.

पण पुढे पाहण्याची किंमतही काही कमी नसते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या चौऱ्याऐंशी किलोमीटरांच्या टप्प्याचे काम २०११ साली सुरू झाले आणि एक तप उलटले तरी कोकणी माणूस खड्ड्यांतूनच गणपतीला जात राहिला. त्याची कारणे अनेक. ठेकेदार, जंगलखात्याच्या परवानग्या, पैसा, सारेच त्यात येतात. चिपळूणजवळच्या परशुराम घाटाची गोष्ट मात्र आमच्या विषयाची आहे. परशुराम आणि पेढे या गावांतील जमिनीवर देवस्थानचा हक्क, खोतांचा हक्क आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळांचा हक्क एकमेकांत गुंतलेले. मोबदला कोणाला किती, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि घाटातले काम अडून राहिले. २०२२ साली काही आठवडे रोज दुपारी वाहतूक बंद ठेवून डोंगर कापावा लागला. तेथे कोण कोठे कसतो हे गावात कोणाला ठाऊक नव्हते काय? शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. नकाशा आणि त्याबरोबरची हक्कदारांची यादी आरंभीच गावासमोर बसून केली असती, तर वाद मिटलाच असता असे आम्ही म्हणत नाही. पण तो कोठे आहे हे यंत्रे घाटात येण्यापूर्वी कळले असते, आणि कायद्यात वाटणीचा वाद दिवाणी न्यायालयाकडे सोपविण्याची जी सोय आहे तिचा उपयोग वेळेवर झाला असता.

अधिकाऱ्यांची बाजू आम्हांला दिसत नाही असे नाही. भूमिअभिलेख खात्यात माणसे अपुरी. एका तालुक्याच्या नेहमीच्या मोजण्याच महिनोन्‌महिने तुंबलेल्या, त्यात महामार्गाची तातडीची मोजणी येऊन पडते. आता रोव्हर आले, ड्रोन आले, केंद्राच्या भूमी राशी संकेतस्थळामुळे २०१८ पासून अधिसूचना झपाट्याने निघू लागल्या. ही प्रगती स्वागतार्ह आहे. मात्र रोव्हर शेताचा कोपरा काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक सांगतो आणि तो कोपरा ज्या जुन्या रेघेशी ताडावयाचा ती रेघच चार मीटर जाड असते, ही विसंगती कोणत्याही यंत्राने दूर होत नाही. गट क्रमांक चुकीचा टंकला गेला तर तोही आता झपाट्याने राजपत्रात जातो, आणि राहून गेलेल्या गटासाठी पुरवणी अधिसूचनेची नवी वरात काढावी लागते.

नकाशा तपासणे म्हणजे कार्यालयात बसून बेरजा पडताळणे, ही समजूत प्रथम गेली पाहिजे. गटाचे क्षेत्र, जाणारे क्षेत्र आणि उरणारे क्षेत्र यांचा मेळ बसला म्हणजे तपासणी झाली असे नव्हे. विहीर रस्त्याच्या एका अंगाला आणि ऊस दुसऱ्या अंगाला राहिला आहे काय? पाण्याची नळी रस्त्याखालून न्यावयास जागा ठेवली आहे काय? उरलेल्या त्रिकोणी तुकड्यात बैलजोडी वळेल काय, तेथे जावयास वाट उरली आहे काय? शेत दुभंगल्याने होणारे नुकसान मोबदल्यात धरावे असे कायदा म्हणतो. परंतु नकाशात दुभंग दाखविलाच नसेल तर ते धरावे कोणी आणि कशावरून? भुयारी वाट दोन किलोमीटरांवर ठेवली की अभियंत्याच्या हिशेबी गावाची सोय झाली. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या बाईचा हिशेब त्या नकाशात नसतो.

एक गोष्ट तर नकाशात असूनही कोणी बोलून दाखवीत नाही. ग्रामीण भागात महामार्गाच्या मध्यापासून चाळीस मीटरांवर इमारत रेषा आणि पंचाहत्तर मीटरांवर नियंत्रण रेषा धरली जाते. ज्याची जमीन गेली त्याला निदान पैसे मिळतात. ज्याची गेली नाही, पण या रेषांच्या आत आली, त्याला ना नोटीस ना मोबदला. मुलाच्या लग्नाआधी दोन खोल्या वाढवू म्हणून परवानगी मागावयास गेल्यावर त्याला आपल्या शेतातली ही अदृश्य रेघ प्रथम भेटते.

तेव्हा आमचे सरकारला सांगणे असे आहे. अधिसूचनेबरोबर प्रत्येक गावाचा भूसंपादन नकाशा, गट आणि पोटहिस्से ओळखू येतील एवढ्या मोठ्या प्रमाणावर, मराठीत, चावडीवर लागला पाहिजे. संकेतस्थळावर ठेवला आहे ही सबब ऐकून घेऊ नये. एकवीस दिवसांची मुदत सुरू होण्यापूर्वी रस्त्याच्या दोन्ही हद्दींचे दगड जागेवर रोवलेले असावेत, म्हणजे नकाशा न वाचता येणाऱ्यालाही आपले काय जाते ते डोळ्यांनी पाहता येईल. कायद्याचा एकही शब्द न बदलता हे करता येते. संयुक्त मोजणीच्या कागदावर खातेदाराची सही घ्यावयाची तर त्याची प्रत त्याच दिवशी त्याच्या हाती द्यावी. पहिली सरकारी मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. महामार्गाच्या बाधितांना ती विनाशुल्क आणि ठरल्या मुदतीत का मिळू नये? ज्या गावांनी मोजणीदारांना परत पाठविले त्यांच्याशी बोलावयाचे तर पोलिसांच्या गाडीपेक्षा असा नकाशा घेऊन जाणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ती गावे त्यानंतरही नाही म्हणतील, हे शक्य आहे. तो त्यांचा अधिकार आहे; पण मग ती काय पाहून नाही म्हणत आहेत हे सरकारलाही कळेल आणि आम्हांलाही.

राहता राहिला कजाप. रस्ता पुरा झाला, उद्घाटनाची फीत कापली गेली, तरी संपादित क्षेत्र वजा करणारे कमी-जास्त पत्रक कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे होत नाही. सातबारावर जुनेच क्षेत्र राहते, त्यावर पीककर्ज निघते, त्यावरच पुढची वाटणी होते, आणि रस्ता पुन्हा रुंद करावयाची वेळ आली की हीच चुकीची आकृती नव्या नकाशाचा पाया होते. गावाचा कजाप मंजूर होऊन नकाशा दुरुस्त झाल्याशिवाय त्या टप्प्यावरील ठेकेदाराचे अखेरचे देयक अदा होणार नाही, असा नियम सरकारने करावा. कजाप मग किती दिवसांत होतात ते पाहू.