‘आपण’ जिंकतो, पोरं मोडतात

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. समोरच्याला सोबत घ्यायचं असेल तर ‘आपण’, बाहेर ठेवायचं असेल तर ‘आम्ही’. आमच्या दखनीतही ‘हम’ आणि ‘अपन’ चालतं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे तिथे लबाडी सोपी होते. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे चाहते मोठ्या सामन्याआधी डावपेच ठरवायला बसले की त्यांचं प्रत्येक वाक्य ह्या शब्दाने सुरू होतं. आपण आधी बॉल घ्यायचा. आपण मधून घुसायचं. आपण त्यांच्या प्रेक्षकांना गप्प करायचं. माझं भांडण ह्या ‘आपण’शी आहे.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. ह्यात बॉल हातात धरून पळतात, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं, आणि समोरचे अकरा जण तुम्हाला अंगाने आडवं करतात. खेळणारी पोरं अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची. मैदानं मात्र अशी की वानखेडे त्यात तीनदा मावेल. ॲन आर्बरचं मिशिगन स्टेडियम एक लाख सात हजारांचं, कोलंबसचं ओहायो स्टेडियम एक लाख दोन हजारांचं. ह्या दोन विद्यापीठांचं वैर १८९७ पासूनचं आहे. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल पट्टी मारतात, इतकं.

२०२४ च्या नोव्हेंबरात मी डिअरबॉर्नला भाच्याकडे होतो. डिअरबॉर्न म्हणजे फोर्डचं गाव आणि अमेरिकेतल्या अरब मुसलमानांचंही. शनिवारी, ३० तारखेला, मिशिगन कोलंबसला खेळायला जाणार होतं. शुक्रवारी इशानंतर एका येमेनी कॉफीच्या दुकानात भाच्याची मंडळी जमली. त्यात फोर्डच्या रूज कारखान्यातून निवृत्त झालेले एक येमेनी चाचा होते, त्यांचे दोन मुलगे आणि आणखी चार-पाच जण. मिशिगनचा हंगाम सुमार गेलेला, सहा विजय आणि पाच पराभव. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर. सट्टेवाल्यांच्या हिशेबात मिशिगन वीसेक गुणांनी हरणार होतं. भाचा म्हणाला, “मामू, उद्या हरणारच, पण इज्जतीत हरू.”

ती चर्चा मी मन लावून ऐकली, आणि ती वरवरची मुळीच नव्हती. परक्या मैदानावर पहिला शत्रू आवाज असतो. आपला संघ बॉल खेळवतोय म्हटल्यावर एक लाख माणसं ओरडतात आणि क्वार्टरबॅकचा आवाज शेजारच्या गड्यालाही ऐकू जात नाही. मग मुक्याने खेळावं लागतं. फळीतला एकजण मागे वळून क्वार्टरबॅककडे पाहतो, इशारा मिळाला की मधल्या गड्याला थोपटतो, आणि मधला ठरलेल्या अंतराने बॉल मागे देतो. कडेला उभा असलेला धिप्पाड गडी अंगावर येणाऱ्याकडे बघायचं सोडून बॉलकडे बघत राहतो. त्याचा निमिषभर उशीर होतो, आणि तेवढ्यात क्वार्टरबॅक आडवा. घाईने आधी हलला तर पाच यार्डांचा दंड. २०२४ पासून कोचचा आवाज एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये पोचवायची परवानगी मिळाली आहे, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तोही बंद होतो. (ही सोय आली ती बरीचशी २०२३ मध्ये मिशिगनवरच झालेल्या, दुसऱ्यांच्या खुणा चोरल्याच्या आरोपांमुळे. तो विषय चाचांनी निघू दिला नाही.)

ह्यावर चाचांचा तोडगा साधा होता. फेकाफेकी नको, बॉल हातात घेऊन मधून घुसायचं. दर खेपेला तीन-चार यार्ड. घड्याळ चालू राहतं, त्यांचे भारी खेळाडू बाकावर बसून राहतात, आणि आपल्या घरी येऊन तीन यार्डांनी सरकणाऱ्या पाहुण्यांवर एक लाख माणसं किती वेळ ओरडणार? बचावात आपले दोन मोठे गडी मध्ये उभे करायचे, त्यांच्या धावा तिथेच अडतील. मिशिगनचे दोन सगळ्यात चांगले खेळाडू, विल जॉन्सन आणि कोल्स्टन लव्हलँड, जायबंदी होते. त्यावर चर्चा किती झाली? एकजण म्हणाला, “पुढचा गडी तयार.” हे तिथलं ठरलेलं वाक्य आहे. एक पडला की दुसरा उभा करायचा.

दुसऱ्या दिवशी अगदी चाचांनी सांगितलं तसंच झालं. मिशिगनने फेकून मिळवले जेमतेम बासष्ट यार्ड, आणि १३-१० ने जिंकलं. कालेल मलिंग्ज नावाच्या पोराच्या हातात बॉल दिला गेला ३२ वेळा. त्यातून निघाले ११६ यार्ड. शेवटी त्याच्याच सत्तावीस यार्डांच्या मुसंडीने विजयाची किक जवळ आली. सामना संपल्यावर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. पुढे कित्येक दिवस सगळी चर्चा त्या झेंड्याचीच.

मी त्या ३२ वर अडकलो. ‘मधून घुसायचं’ हा दोन शब्दांचा डावपेच आहे. त्याचा अर्थ असा, की एकाच माणसाने एका दुपारी बत्तीस वेळा दीडदीडशे किलोच्या माणसांच्या ढिगात डोकं खाली घालून शिरायचं. चाचांना हे ठाऊक नव्हतं? पक्कं ठाऊक होतं. कोणत्या गड्याचा खांदा नाजूक आहे, कोण लंगडतोय, कोणाला गेल्या महिन्यात डोक्याला मार बसला, हे ह्या लोकांना तोंडपाठ असतं. अज्ञानाचा प्रश्नच नाही. शरीराची इतकी बारीक माहिती असलेली माणसं त्या शरीराचं बिल कोण भरतं, हे विचारत नाहीत.

बिलाचा प्रश्न जुना आहे. पन्नासच्या दशकात कोलोराडोतल्या एका कॉलेजचा खेळाडू रे डेनिसन मैदानावरच्या दुखापतीने मेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. ह्याच काळात कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए हिने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. तो असल्या दाव्यांच्या भीतीपोटी घडवला गेला, हे संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स ह्यांनी पुढे स्वतःच्याच पुस्तकात मांडलं. म्हणजे हा शब्द ज्ञानमंदिरातून आलेला नाही. तो विम्याच्या कचेरीतून आलेला आहे.

परक्या मैदानाचीच गोष्ट हवी तर केंट वॉल्ड्रेपची घ्या. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा हा रनिंग बॅक ऑक्टोबर १९७४ मध्ये अलाबामाविरुद्ध बर्मिंगहॅमला खेळायला गेला. टक्कर झाली, तो डोक्यावर पडला, आणि मानेखाली शरीर लुळं पडलं. पुढे १९९३ मध्ये टेक्सासच्या कामगार भरपाई आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला. विमा कंपनी कोर्टात गेली. २००० मध्ये अपील न्यायालयाने सांगून टाकलं, की तो विद्यापीठाचा कर्मचारी नव्हताच. सामन्याच्या आदल्या रात्री तो ‘आपण’मध्ये होता. कोर्टाच्या कठड्यात तो एकटा होता.

आता ओरड होईल, की हे जुनं झालं, आता पोरं मालामाल आहेत. अर्धं खरं आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात एकमताने निकाल दिला, आणि त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमवता येऊ लागले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार एकेक विद्यापीठ वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटू शकतं. कायमचं अपंगत्व आलं तर एनसीएएचा वेगळा विमाही आहे. मला ह्याचा आनंदच आहे. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी चुकती करावी असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. इथे घाम वाळायला सत्तर वर्षं लागली इतकंच. पण मजुरी दिली म्हणून मजूर म्हटलं का? नाही. कर्मचाऱ्याचा दर्जा अजून नाही, आणि त्याच्यासोबत येणारे हक्कही नाहीत. साध्या दुखापतींसाठी कॉलेज सोडल्यावर दोन वर्षांपर्यंत उपचाराचा खर्च मिळतो, तोही ऑगस्ट २०२४ पासून. गुडघा बोलायला लागतो तो चाळिशीत.

आणि डोकं? २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत खेळाडूंचे दान केलेले मेंदू तपासले. कॉलेजपर्यंतच खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत वारंवार बसलेल्या मारामुळे होणारा विकार सापडला. ज्यांच्या घरच्यांना शंका होती तेच बहुधा मेंदू दान करतात, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येणार नाही, हे संशोधकही सांगतात. पण दोन वर्षांचा विमा ह्या विकाराला कुठे पुरणार? तो कळतोच मुळी दोन-तीन दशकांनी, आणि पक्का होतो तो मेल्यावर.

ह्यात सट्टा शिरला तेव्हापासून दुखापतीलाही भाव आला आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरच्या पैजा मोकळ्या करायची वाट दिली. ओहायोत त्या २०२३ च्या पहिल्या दिवसापासून कायदेशीर आहेत. त्याच वर्षी ह्या दोन्ही विद्यापीठांच्या ‘बिग टेन’ संघटनेने नियम केला, की सामन्याच्या दोन तास आधी कोण जायबंदी आहे ते जाहीर करायचं. कारण काय, तर आतली बातमी काढण्यासाठी सट्टेवाले पोरांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या मागे लागू नयेत. म्हणजे पोराचा खांदा जगजाहीर झाला तो पैजेचा हिशेब सरळ राहावा म्हणून. पैसे बुडाले की हेच पैजवाले त्या पोराच्या फोनवर घाणेरड्या शिव्या पाठवतात. ओहायोने २०२४ मध्ये एकेका कॉलेज खेळाडूच्या कामगिरीवर पैज लावायला बंदी घातली, ती ह्या छळामुळेच. जुगार हराम का आहे हे ज्यांना समजावून सांगावं लागतं, त्यांना हे एवढंच दाखवावं.

आता आमच्या बिरादरीविषयी. डिअरबॉर्नच्या त्या टेबलावर खेळातल्या मुसलमानांचा विषय निघाला आणि सगळ्यांचे डोळे चमकले. हुसैन अब्दुल्ला रोजे ठेवून सराव करायचा, २०१२ मध्ये हजसाठी त्याने हंगाम सोडला, २०१४ मध्ये कॅन्सस सिटीकडून खेळताना गोल रेषेपलीकडे सजदा केला म्हणून त्याला दंड झाला, आणि दुसऱ्या दिवशी लीगला तो दंड चुकीचा होता असं म्हणावं लागलं. त्या सजद्याची चित्रफीत सोलापूरच्या आणि मालेगावच्या फोनांवरूनही फिरली असेल. अभिमान वाटतो, मलाही वाटला. पण ह्या अभिमानातला ‘अपन’ स्टेडियममधल्या ‘आपण’पेक्षा काय वेगळा आहे? त्याचा सजदा आपला, त्याचा गुडघा त्याचा. मुसलमान खेळाडूवर अन्याय झाला की आपल्याला दिसतो. वॉल्ड्रेपवरचा दिसत नाही, कारण तो ‘आपला’ नाही. इन्साफाची भाषा बोलणाऱ्यांना हे शोभत नाही.

चाचांना मी विचारलं होतं, रूजमध्ये तुमचा हात यंत्रात गेला असता तर? “युनियन होती ना,” ते म्हणाले, आणि अभिमानाने म्हणाले. तो अभिमान रास्त आहे. १९३७ च्या मे महिन्यात ह्याच डिअरबॉर्नमध्ये, रूजच्या दारासमोरच्या पुलावर, फोर्डच्या गुंडांनी पत्रकं वाटायला आलेल्या युनियनवाल्यांना तुडवलं होतं. करार झाला तो १९४१ मध्ये. मग मी विचारलं, ह्या पोरांना युनियन का नको? उत्तर आलं, “ती विद्यार्थी आहेत.” फोर्डच्या मजुराच्या तोंडी विमा कचेरीचा शब्द!

बिग टेनमधल्याच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये युनियनसाठी मतदान केलं होतं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय कामगार मंडळाने हा विषय आपण हाती घेणार नाही असं ठरवलं आणि ती मतं कधी मोजलीच गेली नाहीत. कोणत्या संघाच्या चाहत्यांनी त्यासाठी घोषणा दिल्या? २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने कोच जिंबो फिशरला काढताना सुमारे साडेसात कोटी डॉलर मोजायची तयारी दाखवली, तेव्हा मात्र चाहत्यांचा जोर मोठा होता. कोच बदलायला लावतात, स्टेडियमची नावं बदलू देत नाहीत, देणग्या थांबवून कुलगुरूंना घाम फोडतात. ज्यांच्या हातात एवढं आहे त्यांनी ‘आम्ही साधे प्रेक्षक’ म्हणू नये.

भाचा विचारतो, मग बघायचाच नाही का सामना? बघा की. मीही रात्री साडेदहाला टीव्ही लावून बसतो. डावपेचही ठरवा, त्यात अक्कल लागते. फक्त बॉल कोणाकडे किती वेळा द्यायचा हे ठरवणाऱ्यांनी त्याचा खांदा निखळला तर पंधरा वर्षांनी डॉक्टरचे पैसे कोण देणार, हेही त्याच टेबलावर ठरवावं. मिशिगनमध्ये चांगल्या जागेचं हंगामी तिकीट हवं तर विद्यापीठाला वर देणगी द्यावी लागते. त्या देणगीसोबत दोन ओळींचं पत्र जाऊ द्या: खेळाडूंना युनियन करू द्या, आणि दुखापतीचा खर्च ती बरी होईपर्यंत द्या. भाचा म्हणतो, “मामू, तिकीट महाग होईल.”

होऊ दे.