छज्ज्याखालचे मोहोळ

गेल्या वर्षी दिवाळी सरते न सरते तोच आमच्या पर्वत पाटियाच्या इमारतीत, पाचव्या मजल्याच्या छज्ज्याखाली, आग्यामाश्यांचे मोहोळ येऊन बसले. प्रथम कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही. मग वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडू लागले आणि मोहोळ हा साऱ्या सोसायटीचा विषय झाला. पुढे उत्तरायण येणार. पतंगाचा मांजा मोहोळात अडकला तर केवढा अनर्थ ओढवेल, ही भीतीही रास्तच होती. सभेत बहुमत असे पडले की, रात्री माणूस बोलावून मोहोळ जाळून टाकावे.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या खानदेशी आजी म्हणाल्या, "जाळा खुशाल. पण माझ्या गिलक्याला मग फळ कोण धरवील, तेवढं सांगा." सारे हसले. आम्हीही हसलो, परंतु घरी आल्यावर तो प्रश्न काही मनातून जाईना.

गिलके, काकडी, लाल भोपळा यांच्या वेलीवर नर व मादी फुले निरनिराळी असतात. नरफुलातील पराग चिकट व जड असल्याने वाऱ्याने जात नाही. तो माशीने किंवा भुंग्यानेच मादीफुलापर्यंत न्यावा लागतो. नेला नाही, तर फुलामागचे इवलेसे फळ पिवळे पडून गळते. जळगावच्या केळीला या मध्यस्थाची गरज नाही, हे खरे. पण कांद्याच्या डेंगळ्यांत बी भरावयाचे, तर मधमाशी हवीच.

आता त्या पिवळ्या ठिपक्यांविषयी. या ठिपक्यांनी एकदा जगाचे राजकारण ढवळून काढले होते, हे वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. लाओस व कंबोडियात सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने विषारी 'पिवळा पाऊस' पाडला जात आहे, असा जाहीर आरोप १९८१ साली अमेरिकेने केला. पुढे मॅथ्यू मेसेलसन, टॉमस सीली प्रभृती शास्त्रज्ञांनी तपास करून दाखविले की, पानांवरचे ते डाग म्हणजे मधमाश्यांची विष्ठा असून तीत पचून उरलेले परागकण आहेत. मोहोळातील असंख्य माश्या एकदम उडून पोट रिकामे करतात, तेव्हा असा पाऊस पडतो. हे त्या का करतात? मलेशियातील आग्यामाश्यांच्या अभ्यासातून असे अनुमान निघाले की, अंगातील उष्णता उतरविण्याचा हा एक उपाय असावा. अळ्यांना फार उष्मा सोसत नाही. म्हणून माश्या पंखांनी वारा घालतात, पाणी आणतात आणि अंगचा भारही असा टाकतात. ज्या डागांसाठी आम्ही चिडलो होतो, ते कदाचित उन्हाशी चाललेल्या झगड्याचेच चिन्ह होते.

ऊन एक वेळ सोसवेल, हवेचे काय? बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये गीता थिम्मेगौडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील कमीअधिक प्रदूषित भागांतून १,८०० हून अधिक आग्यामाश्या तपासल्या. त्यांचा निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. धुळीच्या जागी माश्या फुलांकडे कमी फिरकत होत्या, त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांत व रक्तपेशींत फरक पडला होता, आणि अशा जागांहून पकडून आणलेल्या माश्यांपैकी शेकडा ८० हून अधिक चोवीस तासांच्या आत मेल्या. आमच्या रस्त्यावरून कापडाच्या गाठी वाहणारे टेम्पो दिवसभर धावत असतात. जी हवा माशीला बाधते, तीच आमची नातवंडे श्वासात घेतात.

पुढील सभेत आम्ही हे सारे मांडले. आग्यामाशी कायमची राहावयास येत नाही, ऋतू पालटला की ती स्थलांतर करते. आणि जाळली तरी त्याच जागी पुढल्या वर्षी दुसरे मोहोळ येऊ शकते, हेही सांगितले. थोडा वाद झाला. अखेरीस असे ठरले की, त्या बाजूच्या धाब्याला उत्तरायणात कुलूप घालावे आणि पतंग दुसऱ्या बाजूने उडवावेत. दिव्याकडे माश्या झेपावतात, म्हणून त्या बाजूच्या खिडक्या दिवेलागणीस लावून घ्याव्यात; धूर व फटाके टाळावेत.

तथापि, अनेक माश्यांचा एकदम हल्ला जिवावर बेतू शकतो, हे विसरता कामा नये. मोहोळ शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या दाराशीच असेल, तर जाणकाराकडून ते हलविणेच योग्य. या विषयाचे शिक्षण देणारी केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यात १९६२ पासून आहे. अग्नी हा मात्र उपाय नव्हे.

उत्तरायण निर्विघ्न पार पडले. उन्हे तापू लागली आणि एके सकाळी पाहतो तो छज्जा रिकामा! माश्या निघून गेल्या होत्या. मेणाचे ओके पोळे तेवढे लोंबत होते. काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो आम्हांस गैर वाटला नाही. आजींनी मात्र त्या दिवशी गिलक्यांची भाजी करून चार घरी वाटली.

पोळे गळून पडले. त्याचा पुसट वण अद्याप छज्ज्याखाली आहे. येत्या दिवाळीनंतर पाहुण्या पुन्हा येतील की नाही, कोण जाणे. आम्ही आपले धाब्याच्या कुलपाला तेल घालून ठेवले आहे.