वजनाची नोंद होते, चालीची नाही

अंगणवाडीत मुलाचे वजन होते, उंची मोजली जाते, दोन्ही आकडे पोषण ट्रॅकरवर चढतात. ते मूल एका पायावर तोल सांभाळते का, दोन्ही पाय जुळवून उडी मारते का, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

गोव्यात ही उणीव अधिक जाणवावी अशी स्थिती आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्यातील पाच वर्षांखालील २५.८ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २४ टक्के कमी वजनाची आढळली. जास्त वजनाची अवघी २.८ टक्के. त्याच पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ३६ टक्के स्त्रिया मात्र जास्त वजनाच्या होत्या. स्थूलता बालवाडीत फारशी दिसत नाही, ती मागाहून येते. चार वर्षांच्या मुलाचा काटा ठीक दाखवतो म्हणून निश्चिंत होणे म्हणूनच घाईचे आहे.

जड मुलाला धावणे किंवा लंगडी घालणे अवघड जाते, कारण त्यात स्वतःचाच भार उचलायचा असतो. चेंडू फेकण्या-झेलण्यात फरक तितका पडत नाही. कुपोषित मूल चालायला उशीर लावते आणि लवकर दमते. अमेरिकेतील डेव्हिड स्टॉडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडले, की मुलाची शारीरिक सक्रियता आणि हालचालींचे कौशल्य यांचा संबंध लहान वयात सैल असतो, वयाबरोबर तो घट्ट होत जातो. ज्याला नीट धावता येत नाही ते मूल खेळातून बाजूला पडते. बाजूला पडलेले आणखी जड होते.

धारगळला ११ डिसेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे एक, आणि त्यातील काश्यपसंहितेत वर्षाचे होऊनही न चालणाऱ्या मुलाच्या दुखण्याला फक्क म्हटले आहे. त्याची कारणे तिथे दुधापासून, म्हणजे पोषणापासून शोधली जातात आणि उपचारांत तीन चाकांचा गाडा सांगितला जातो. आपला पांगुळगाडा तो हाच! अन्न आणि चाल यांचा एकत्र विचार धारगळच्या संस्थेला शिकवावा लागणार नाही. आजूबाजूच्या अंगणवाड्यांत ही तपासणी सुरू करण्याचा पहिला हक्क, आणि पहिली जबाबदारीही, तिचीच ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला १८० मिनिटे हालचाल हवी, त्यांपैकी ६० मिनिटे दमवणारी. पडद्यासमोर एका तासाहून अधिक नको. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, महामार्ग रुंदावला. पेडण्यात रस्त्यापलीकडच्या मैदानावर एवढे मूल आता एकटे कोण सोडेल? तपासणीला खडूची रेघ, एक चेंडू आणि मोकळे अंगण पुरते. तालुक्यातील किती अंगणवाड्यांना असे अंगण आहे, ती यादी महिला आणि बालविकास खात्याने जाहीर करावी.